कवटी चाच्यांची नव्हे: स्कॉटलंडला मराठी सहली नेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
स्कॉटलंडच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांचे चालक, टूर मॅनेजर आणि गटाबरोबर फिरणारे मार्गदर्शक

स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की एडिनबरोच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत मराठी कानावर पडू लागतं. कार्यक्रम ठरलेला असतो. फाटकाबाहेर बॉबी कुत्र्याचा पुतळा, त्याच्या नाकाला हात, मग आत शिरून टॉमस रिडलचा दगड, कारण एका जादूगार पोराच्या कादंबऱ्यांतल्या खलनायकाशी त्याचं नाव जुळतं. वाटेत कवट्या दिसल्या की "ही चाच्यांची थडगी", लोखंडी पिंजरा दिसला की "भूत बाहेर येऊ नये म्हणून". पंधरा मिनिटांत सगळे बसमध्ये. यंदाच्या काही सहलपत्रकांत तर या जागेला 'भुताटकीची दफनभूमी' एवढीच ओळ मिळाली आहे, आणि जाहिरातीच्या रीलमध्ये कोरीवकाम उठून दिसावं म्हणून दगडावर पांढरा खडू घासलेला दिसतो.

आम्ही स्कॉटलंडमध्ये राहणारे काही मराठी लोक आहोत. चर्चच्या आवारांतल्या जुन्या दगडांची नोंद करणाऱ्या स्वयंसेवकांना आम्ही हातभार लावतो. तुमचे गट काय ऐकून जातात ते आम्हाला ऐकू येतं आणि ते गेल्यावर दगडावर काय उरतं तेही दिसतं. बाजूला घेऊन सांगून पाहिलं, तर "लोकांना भुतंच हवी असतात" असं उत्तर मिळालं. तुमच्या बसमधल्या लोकांबद्दल आमचं मत इतकं वाईट नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार चुकीच्या माहितीची आहे.

स्कॉटलंडमध्ये १५६० साली धर्मसुधारणा झाली. चर्चमधल्या मूर्ती आणि मृतांसाठीच्या प्रार्थना गेल्या, आणि पुढच्या काही दशकांत चर्चच्या इमारतीच्या आत पुरण्यावरही बंदी आली. सरदार-जमीनदारांनी पळवाटा काढल्या, ते सोडा. बाकीचे सगळे आवारात आले. आत जे कोरायची मुभा नव्हती ते बाहेर दगडावर कोरलं जाऊ लागलं, आणि १७व्या-१८व्या शतकांत गावोगावच्या पाथरवटांनी त्याची एक चित्रलिपीच तयार केली. कवटी, आडवीतिडवी हाडं, वाळूचं घड्याळ, शवपेटी, बाण, मरणाची वर्दी देत गावातून वाजवत न्यायची हातघंटा, खड्डा खणणाऱ्याची कुदळ-फावडी: ही सगळी मृत्यूची खूण. वाळूचं घड्याळ आडवं पडलेलं असेल तर वेळ संपली. दगडाच्या माथ्यावर दोन पंखांचा चेहरा असेल तर तो वर निघालेला आत्मा. चाच्यांच्या झेंड्यावरची कवटी गाजली ती १८व्या शतकाच्या सुरुवातीला. त्याच्या कितीतरी आधीपासून ती इथे विणकरांच्या आणि पाववाल्यांच्या डोक्याशी बसली आहे. प्लेगशीही तिचा संबंध नाही. अंथरुणात म्हातारपणानं गेलेल्या माणसाच्या दगडावरही तीच कवटी असते.

खरी गंमत कवटीत नाहीच, ती शेजारच्या अवजारात आहे, आणि नेमकं तेच तुम्ही ओलांडून जाता.

त्या काळी शहरांत कारागिरांच्या नोंदणीकृत संघटना होत्या. नगरपालिकेची सनद असलेल्या संघटनेचा सदस्य असल्याशिवाय शहरात तो धंदा करता येत नसे. दफनाची जागा घराण्याच्या नावे असे, आणि त्यावरचा दगड एका अर्थी मालकीची खूण असे. अक्षरं सगळ्यांना वाचता येत नव्हती, अवजार मात्र कुणालाही ओळखता येई. म्हणून नावाऐवजी बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं आणि मधोमध धंद्याचं चिन्ह. डंडीच्या हाऊफ दफनभूमीत तर शहरातल्या नऊ कारागीर संघटना आपल्या बैठकाच भरवत. पाव भाजणारे, पादत्राणं करणारे, हातमोजे शिवणारे, शिंपी, टोप्या विणणारे, खाटीक, धातुकाम करणारे, विणकर आणि रंगारी असे ते नऊ. १७७०च्या दशकात त्यांचं स्वतःचं सभागृह उभं राहीपर्यंत हे चाललं. हाऊफची ही जागा १५६४ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीनं शहराला दिलेली. तुमच्या एकाही पत्रकात तिचं नाव आम्हाला सापडलं नाही.

आता तुमच्या मार्गदर्शकांच्या नेहमीच्या चुका घेऊ.

मुकुट दिसला की "राजघराण्यातला माणूस" असं सांगितलं जातं. मुकुटाखाली काय आहे ते आधी बघा. हातोडा असेल तर तो लोहार, कुलूपवाला, जिनाचं सामान करणारा किंवा कथलाची भांडी करणारा. हे सगळे एकाच संघटनेत होते आणि मुकुटाखाली हातोडा ही त्यांची खूण. मुकुटाखाली अर्धचंद्राकार पातं असेल तर ती चामडं कापायची रापी, म्हणजे पादत्राणं बनवणारा. आणि मुकुट पंखवाल्या चेहऱ्यावर असेल तर तो स्वर्गातल्या जीवनाचा मुकुट, धंद्याशी त्याचं काही नातं नाही. एकाच चिन्हाचे तीन अर्थ, आणि तिन्हींत राजा नाही.

गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) आणि कंपास दिसला की "फ्रीमेसन, गुप्त संघटना" ही दुसरी ठरलेली थाप. जोडीला छिन्नी आणि लाकडी हातोडा असेल तर गवंडी किंवा पाथरवट. कुऱ्हाड किंवा करवत असेल तर सुतार. फ्रीमेसन म्हणायला सूर्य-चंद्र, डोळा, खांब असं आणखी काही लागतं. नुसत्या गुण्यावरून गुप्त संघटना काढायची तर नाशिक-पुण्यातला प्रत्येक सुतार तिचा सदस्य ठरेल.

होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता आकार दिसला की "कोळी" किंवा "डोळा". तो धोटा आहे, मागावर आडवा धागा नेणारा. एक असतो किंवा तीन असतात, कधी वाघासारख्या जनावराच्या तोंडात धरलेला असतो. तो विणकरांच्या संघटनेच्या चिन्हातला. सोलापूर-इचलकरंजीचा कुणी गटात असेल तर तो मार्गदर्शकाच्या आधी ओळखेल. आम्ही म्हणतो ते हेच: तुमच्या चाळीस प्रवाशांत हे दगड वाचू शकणारे बसलेले असतात आणि तुम्ही त्यांना भुतं दाखवता.

पुढची चिन्हं भराभर सांगतो. लांब दांड्याची चपटी फळी आणि तिच्यावर तीन गोल: भट्टीत पाव सारायचं फावडं, म्हणजे पाववाला. सत्तूर, सुरी आणि सुरी परजायची सळई: खाटीक. कात्री आणि जाड इस्त्री, कधी दाभण: शिंपी. नांगराचा फाळ आणि त्याच्यापुढे माती चिरणारी उभी सुरी: शेतकरी. हा फाळ बहुतेकांना तलवार किंवा भाल्याचं टोक वाटतो आणि बिचाऱ्या शेतकऱ्याचा योद्धा होतो. लाकडी फावडं आणि झाडू: मद्यासाठी जव भिजवून मोड आणणारा. ऐरण, सांडशी, नाल यांबद्दल सांगायला नकोच.

सगळ्यात जास्त फसवतं ते गिरणीवाल्याचं चिन्ह. मधे भोक असलेला आणि दोन्हीकडे फाकलेल्या टोकांचा एक लोखंडी तुकडा कोरलेला असतो. पाहणाऱ्याला तो फुलीसारखा किंवा गाठीसारखा वाटतो आणि "केल्टिक क्रॉस" म्हणून सांगितला जातो. वरचा दगड ज्यावर तोलला जातो आणि ज्यातून कणा त्याला फिरवतो तो हा तुकडा. आपल्या जात्यात हे काम माकडी करते. शेजारी टाकी कोरलेली असली की शंकाच उरत नाही, कारण दगड गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा टाकी लावावी लागते.

काही चिन्हं खरोखरच दुहेरी आहेत, आणि तिथे ठामपणे बोलू नये. नांगर, म्हणजे जहाजाचा, खलाशाचा असतो तसाच ख्रिस्ती आशेचंही प्रतीक असतो. जोडीला जहाज किंवा समुद्रावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं उपकरण असेल तरच खलाशी म्हणावं. तराजू व्यापाऱ्याचा असेल किंवा अंतिम न्यायाचा. एकमेकांवर आडवी ठेवलेली कुदळ-फावडी कवटीच्या रांगेत असेल तर ती खड्डा खणणाऱ्याची. दाताळं किंवा खुरपं सोबत असेल तर माळ्याची. इंग्रजी चारचा आकडा व्यापाऱ्याच्या खुणेत येतो आणि स्टर्लिंगच्या व्यापारी मंडळाच्या चिन्हात तो उलटा असतो. तो उलटा चार "अशुभ खूण" म्हणून सांगितला जातो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

वाचायची पद्धत अवघड नाही. दगडाच्या दोन्ही बाजू बघायच्या, कारण एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे कोरीवकाम असणं नेहमीचं. अनेक गट पुढून मजकुराचा फोटो काढून जातात आणि मागचं चित्र त्यांना दिसतच नाही. १८व्या शतकातल्या उभ्या दगडावर बहुधा वर आत्मा, मधे आद्याक्षरं व अवजार, तळाशी मृत्यूची चिन्हं असा क्रम सापडतो. आद्याक्षरांच्या दोन जोड्या नवरा-बायकोच्या. स्कॉटलंडमध्ये बायको दगडावर माहेरच्या आडनावानंच येते, त्यामुळे आडनावाची अक्षरं वेगळी दिसली म्हणून त्यांना व्यवसायातले भागीदार ठरवू नका. सनावरूनही लगेच निष्कर्ष नको; जागा दुसऱ्या घराकडे गेली की जुन्याच दगडावर नवी अक्षरं आणि नवा सन कोरला जाई.

दुसरी तक्रार जागांच्या निवडीची. ग्रेफ्रायर्स १५६२ पासूनचं, भव्य आहे, नाही म्हणत नाही. पण तिथला दिमाख भिंतीलगतच्या श्रीमंतांच्या स्मारकांचा. तिथेही धंद्याची खूण बघायचीच तर जेम्स बॉर्थविक या शल्यचिकित्सकाचं १७व्या शतकातलं स्मारक आहे. मधे नाचरा सांगाडा, कडेनं शस्त्रक्रियेची हत्यारं. रिडलचा दगड, तोही १८०६चा आणि नुसत्या अक्षरांचा, शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात हे दाखवून होईल. साध्या कारागिरांचे दगड मात्र दुसरीकडे आहेत. स्टर्लिंगचा किल्ला तुमच्या प्रत्येक सहलीत असतो. किल्ल्यापुढच्या मोकळ्या जागेतून होली रूड चर्चच्या आवारात पायी उतरता येतं. इन्व्हर्नेसला जाताना बस पर्थवरून जाते आणि पर्थची ग्रेफ्रायर्स दफनभूमी १५८०ची, कारागीर चिन्हांनी भरलेली आहे. एडिनबरोतच थांबायचं तर ओल्ड कॅल्टन आहे. १७१८ साली ती कॅल्टनच्या कारागीर संघटनांनीच सुरू केली. तुम्ही तिथे नेलंत तरी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या समाधीचा फोटो काढून परत फिरता.

तिसरी तक्रार हातांची आहे, आणि इथे आम्ही ऐकून घेणार नाही.

इथले बरेचसे जुने दगड वालुकाश्माचे, म्हणजे थरांचे. उभा दगड काढताना अनेकदा थर उभेच राहतात. पाणी थरांत शिरतं, थंडीत गोठून फुगतं, आणि चेहऱ्याचा पापुद्रा मागून सुटतो. वरून तो शाबूत दिसतो. बोटानं हलकं टकटक केलं तर पोकळ वाजतो (हे नोंद करणाऱ्यांनीही जपूनच करायचं असतं). अशा दगडावर खडू घासला, कागद दाबून पेन्सिलीनं ठसा घेतला किंवा नुसता हात टेकला, तरी तीनशे वर्षं टिकलेला धोटा पापुद्र्यासकट खाली येऊ शकतो. शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो. ते पावसानं दगडाच्या छिद्रांत शिरतं, तिथे स्फटिक होतं आणि कण सुटे करतं. पीठ लावलं तर बुरशीला खाद्य मिळतं. दाढीचा फेस धुतला तरी त्याचा अंश आत राहतो. दगडफूल खरवडून "स्वच्छ" करणं तर सर्वांत वाईट, कारण त्याचे तंतू कणांच्या मधे गेलेले असतात आणि ते निघताना कण घेऊनच निघतात. यांतली अनेक ठिकाणं संरक्षित आहेत. तिथे नुकसान करणं हा गुन्हा आहे, आणि तो गटातल्या आजोबांच्या अंगावर येईल.

फोटो चांगला यायला हात लावावा लागतच नाही, उजेड तिरपा लागतो. थडगी पूर्व-पश्चिम असतात, त्यामुळे दगडांच्या बाजूही बहुधा पूर्वेला आणि पश्चिमेला. उन्हाळी वेळेनुसार इथे सूर्य ऐन दक्षिणेला येतो तो सव्वा वाजताच्या सुमारास. म्हणून पूर्वेची बाजू साडेबारा ते एक, पश्चिमेची दीड ते दोन. या वेळेत ऊन दगडाला घासून जातं आणि पुसट रेघाही सावली टाकते. सकाळी नऊला पूर्वेच्या बाजूवर ऊन जवळजवळ समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. बरोबर त्याच वेळी तुमचे गट येतात, आणि मग खडू निघतो. ढग असतील, जे असतातच, तर एकानं छत्रीनं दगडावर सावली धरावी, दुसऱ्यानं मोबाइलचा टॉर्च कडेनं, हातभर अंतरावर, दगडाच्या जवळजवळ समांतर धरावा, तिसऱ्यानं समोरून फ्लॅश बंद ठेवून फोटो काढावा. टॉर्च डावीकडून एकदा, वरून एकदा.

टेकून उभं राहणं आणि मेजासारख्या दगडांवर बसून डबे उघडणं याबद्दल वेगळं सांगायला नको होतं, पण सांगावं लागतंय. दीड मीटर उंच, ऐंशी सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर जाड वालुकाश्माचं वजन ४०० किलोच्या आसपास भरतं आणि तो उभा असतो मातीच्या भरवशावर. २०१५ मध्ये ग्लासगोच्या एका दफनभूमीत कोसळलेल्या दगडाखाली आठ वर्षांचा मुलगा दगावला. त्यानंतर ठिकठिकाणच्या पालिका दगड तपासू लागल्या आणि डळमळीत दगड आडवे केले गेले. आडव्या दगडावर पाणी साचतं आणि कोरीवकाम लवकर जातं. तुमच्या गटानं एखादा दगड हलवला तर त्याचीही गत तीच.

लोखंडी पिंजऱ्यांचं दोन ओळींत. वैद्यकीय शाळांना शवं लागत, चोर ताजी शवं उकरून विकत. म्हणून शव कुजेपर्यंत पिंजरा भाड्यानं बसवत. १८३२च्या कायद्यानं शाळांना शवं रीतसर मिळू लागली आणि ही चोरी थांबली. भुतांपेक्षा ही हकीकत जास्त भयंकर आहे, तीच सांगा ना. आणि बॉबीच्या नाकाला हात लावायची कसलीही जुनी प्रथा नाही. ती पर्यटकांनी अलीकडे काढली आणि नाकावरचा रंग उडवला.

आमच्या मागण्या अशा आहेत. पत्रकांतून 'भुताटकी' आणि 'चाचे' हे शब्द काढा. खडू लावलेल्या रील उतरवा आणि पुढे तसं चित्रीकरण करू नका. दगडाला हात लावायचा नाही, टेकायचं नाही, बसायचं नाही, हे टूर मॅनेजरनं बसमध्येच, उतरण्याआधी, मराठीत सांगावं. फाटकावरची इंग्रजी पाटी पुरत नाही. स्टर्लिंगला किल्ल्यानंतर अर्धा तास जास्त द्या, आणि तो शक्यतो दुपारी. एडिनबरोत मार्गदर्शक घेताना भुतांच्या फेरीवाल्याऐवजी दगड वाचता येणारा माणूस मागा, असे आहेत. "आम्हाला माहीत नाही" असं म्हणायची मुभा तुमच्या माणसांना द्या, म्हणजे ते बनवून सांगणार नाहीत.

चिन्हांचं एका पानाचं मराठी कार्ड आम्ही तयार करून देऊ. मोबदला नको, आमची नावंही छापू नका. पुढच्या हंगामाचं पत्रक छापायला जाण्याआधी मागून घ्या. एक विनंती आत्ताच करून ठेवतो: सेल्फी कॅमेऱ्यानं काढलेले फोटो वापरू नका, त्यांत डावं-उजवं बदलू शकतं आणि स्टर्लिंगचा उलटा चार सरळ होऊन बसतो.

कळावे,

आपले,
स्कॉटलंडमधले काही मराठी रहिवासी